बेटाकडे पाठ

“आप्पा, तुम्ही उलटे बसलात,” मी म्हणाले.

“बरोबर बसलोय. तू तुझ्या जागेवर बस.”

होडीच्या अगदी पुढच्या टोकाला एक आडवी फळी होती, तिच्यावर आप्पा बसले होते. बेटाकडे पाठ, आणि आम्हा सगळ्यांकडे तोंड. होडीत दहा-बारा माणसं होती, कांद्याची दोन पोती होती, रॉकेलचं पिंप होतं, आणि मासळी विकून परत निघालेल्या भागीरथीमावशीच्या रिकाम्या टोपल्या होत्या. एप्रिलचं ऊन सकाळी दहालाच चटके देत होतं. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून डोक्यावर घेतला आणि दोन्ही टोकं कानांवरून खाली सोडली. तेवढ्यानंच होडीतली बडबड एकदम थांबली.

मला वाटलं, एवढ्या कडक माणसाला बघून गप्प झाली असतील. आप्पा होतेच तसे. बत्तीस वर्षं एसटीच्या स्टँडावर कंट्रोलर. गाडी लागली की शिट्टी, सुटली की शिट्टी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती तरी शिट्टी खिशातून गेली नव्हती. लहानपणी आम्ही दोघी बहिणी कुठंही खेळत असलो, तरी दोन आखूड शिट्ट्या ऐकू आल्या की हातातला खेळ टाकून घरी पळायचो. दोन आखूड म्हणजे ‘घरी या’. आळीतल्या कुत्र्यांनासुद्धा ते पाठ झालं होतं.

होडीचा मालक रघू तांडेल सुकाणूवरून उठून पोत्यांवर पाय देत माझ्याजवळ आला.

“बाय, बातमी काय हाय का तुमच्याकडं?”

“आहे की!” मी हसून म्हणाले. “चांगली बातमी आहे. माझं लग्न ठरलंय.”

“मग यांना इकडं त्वांड करायला सांग.”

“का हो?”

“पाण्यावर सांगायचं नसतं,” तो म्हणाला आणि माझ्या नजरेला नजर न देता परत सुकाणूवर गेला.

आता आप्पांना सांग म्हणणं सोपं होतं. ऐकणार कोण? त्यांना त्या फळीवर तसं बसवायला मला पंधरा दिवस आणि आईला नऊ वर्षं लागली होती.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या ताईनं, कुंदानं, जनार्दनाशी लग्न केलं. जनार्दन कुडतळं बेटावरचा. मासळीच्या टोपल्या गाडीच्या टपावर चढवायला रोज स्टँडावर यायचा, आणि वासावरून आप्पांचं त्याच्याशी रोज कडाक्याचं भांडण व्हायचं. ताई आप्पांचा डबा घेऊन दुपारी स्टँडावर जायची. पुढचं सांगायला नको. रसवंतीवाला, पेपरवाला, ड्रायव्हर, कंडक्टर, सगळ्या स्टँडाला माहीत होतं. कंट्रोलरलाच माहीत नव्हतं! जात वेगळी, समुद्रावरचं घर, हे सगळं होतंच. पण मला विचाराल तर आप्पांना जे लागलं ते हे, की आपल्या नाकासमोर घडलं आणि आपल्यालाच शेवटी कळलं. त्यांनी देव्हाऱ्यासमोर उभं राहून सांगितलं, “त्या पोरीचं नाव या घरात निघणार नाही, आणि त्या बेटाचं तोंड मी बघणार नाही. या घरातलं दुसरं कुणी तिकडं गेलं, तर त्यानं परत इकडं यायचं नाही.”

आणि खरोखरच कुणी गेलं नाही. आई नुसती झुरली. मी पत्रं लिहिली, ती मैत्रिणीच्या पत्त्यावर. ताईला मुलगा झाला, मग मुलगी झाली, ते मला पत्रातूनच कळलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र मी अडून बसले. ताई मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. आप्पा म्हणाले, नको चढूस. मी म्हटलं, बरं. आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवत होतो. शेवटी आईनं पदर खोचला. “मुलाकडच्यांना काय कळवायचं ते तुम्हीच कळवा,” म्हणाली आणि पानं वाढायचीच बंद केली. आप्पा नमले, पण कसे नमले ते बघा. ताईनं मला आधीच कळवलं होतं की नुसत्या पत्रिकेवर मी येणार नाही, आप्पा स्वतः बोलवायला आले तरच येईन. आमच्याकडे रीतही तशीच आहे, माहेरचं वडीलधारं माणूस अक्षत घेऊन आल्याशिवाय लेक मांडवात येत नाही. म्हणून आप्पांनी तोड काढली. ते होडीतून येतील, पण बेटावर पाय ठेवणार नाहीत. होडी धक्क्याला लागली की मी उतरायचं, ताईला कुंकू लावायचं, अक्षत द्यायची आणि त्याच होडीनं परत. तोवर ते बेटाकडे पाठ करून बसून राहतील.

“म्हणजे शपथही राहिली आणि बोलावणंही झालं,” म्हणाले. वर एखादा मोठा निवाडा केल्यासारखे मिशीवरून हात फिरवत बसले.

माझ्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात पत्रिका, कुंकवाची पुडी, अक्षता, नारळ आणि आईनं पहाटे उठून वळलेले बेसनाचे लाडू. अर्ध्या वाटेवर समुद्र हलायला लागला, तशी मला वेगळीच काळजी लागली. पाठ फिरवून होडीत बसून राहिलेल्या बापाला ताई ‘आप्पा आले’ म्हणेल का? मी ताईला ओळखत होते. हट्टाच्या बाबतीत ती आप्पांचीच लेक. ती धक्क्यावरूनच म्हणेल, “पाठ बघायला मी येत नाही, जा परत,” आणि ही दार उघडायची शेवटची संधी हातची जाईल. माझ्यानंतर घरात लग्नकार्य उरलंच नव्हतं.

“आप्पा,” मी इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हणाले, “तांडेल म्हणतोय, इकडं तोंड करून बसा.”

“त्याला सांग, गाडीत कसं बसायचं ते मला शिकवू नको. आणि त्याला विचार, या गाडीचं टाइमटेबल कुठं लावलंय?”

रघू तांडेलानं ते ऐकलं. “आमचं टाइमटेबल चंद्राला माहीत, काका. भरती आली की सुटायचं.”

“मग पास काढून चंद्रावरच जायचं होतं,” आप्पा म्हणाले. एरवी अशा बोलण्यावर सगळी होडी हसली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. भागीरथीमावशीनं तर हात जोडून कपाळाला लावले आणि माझ्या जवळ सरकून माझा हात धरला.

“बाय गो, कुणाची तू?”

“कुंदाची बहीण. जनार्दनाची कुंदा.”

“अगं बाय माझे!” मावशी एवढंच म्हणाली आणि तिनं हात घट्ट दाबला. तिच्या हाताला मासळीचा आणि घामाचा वास होता. मला वाटलं, किती मायाळू बाई! मी तिला लग्नाचंही बोलावणं करून टाकलं. ती माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

बेट जवळ आलं. माडांची रांग दिसली, मग कौलं दिसली. एक चौकोनी दगडी धक्का दिसला आणि त्याच्यावर चार-पाच बायका. आमची होडी दिसताच त्यातली एक बाई कपाळावर हात धरून पुढं आली, क्षणभर थांबली आणि मागं वळून पळत सुटली. मग काय झालं कळेना. वाडीतून माणसंच माणसं यायला लागली. कुणाच्या हाताला पीठ, कुणी अर्ध्या आंघोळीतून उठून आलेलं, एका बाईच्या काखेत नागडं पोर. सगळी धावत येत होती आणि धक्क्यावर पोचली की गप्प उभी राहत होती.

“आपल्याला बघायला एवढी माणसं?” मी म्हणाले.

आप्पांना पाठीमागचं काय दिसणार? ते म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं, तमाशा होणार म्हणून!”

रघू तांडेल उभा राहून हातवारे करायला लागला, ‘नाही, नाही’ अशी मान हलवत काहीतरी ओरडला. वारा समोरचा. त्याचा आवाज आमच्याच कानांपर्यंत धड येत नव्हता. मग मला गर्दीत ताई दिसली. हिरवं लुगडं, कडेवर पोरगी. नऊ वर्षांनी दिसत होती, पण मान तीच. मी भान विसरून उभी राहिले आणि दोन्ही हात हलवले.

तिनं मला ओळखलं. मी बघितलं, तिनं मला ओळखलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्यापुढं पंचा घेऊन बसलेल्या पाठीकडे बघितलं, कडेवरची पोर शेजारणीच्या हातात दिली आणि मटकन खाली बसली.

त्याच वेळी रघू तांडेलानं इंजिन बंद केलं. धक्क्याला लागताना तो काठीनं होडी सारत न्यायचा. इंजिनाची धडधड थांबली आणि पाण्यावरून ताईचा आवाज आला.

“आप्पा वोऽऽ!”

मी हलवत होते ते हात खाली घेतले.

“आप्पा वोऽ, न सांगता कुठं गेलात वोऽ!”

“हे काय चाललंय?” मी मावशीचा खांदा हलवला. “ती का रडते?”

“आता सांगते, पाण्याला काय करायचं ते करू दे,” मावशी म्हणाली. “आमच्यात मयताचा सांगावा घेऊन येणारा असा बसतो गो. पुढच्या फळीवर, गावाकडं पाठ करून, डोक्यावर कापड घेऊन. गावानं लांबूनच समजायचं, म्हणजे धक्क्यावर तोंडानं सांगायची पाळी येत नाय. आणि पाण्यावर असताना त्याचं नाव काढत नाहीत. तांडेल सांगत होता तुला, पण कसा सांगणार?”

सगळ्या बेटानं पाठ बघितली होती आणि ज्याचं त्याचं काळीज हललं होतं. ज्यांची माणसं दूर होती ती सगळी धावली होती. मग मी उभी राहिले, आणि सांगावा कुणाच्या घरचा ते ठरून गेलं.

मी ओरडणार होते, “ताई, अगं आप्पा इथं आहेत, हे काय बसलेत!” तोंड उघडलंही होतं. पण आप्पांनी हात वर केला. पंजा उघडा, बोटं जुळलेली. स्टँडात शिरणाऱ्या गाडीला ते असाच हात दाखवायचे. बत्तीस वर्षांत त्या हातासमोर एकही गाडी पुढं गेली नव्हती. मीही थांबले.

मला राग आला, खोटं कशाला सांगू! पोटची पोर तिकडं ऊर बडवते आहे आणि हा माणूस हात दाखवतो! मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. होडीत त्यांचं तोंड फक्त आम्हाला दिसत होतं. डोळे मिटलेले होते आणि मान किंचित कलती होती, लांबून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकताना करायचे तशी. नऊ वर्षांनी ते तिचा आवाज ऐकत होते.

“आमच्या घरचं माणूस या बेटावर यायचं,” ताई शेजारणीला सांगत होती, “म्हणजे आप्पाच नसणार गं! आई गेली असती तर त्यांनी मला कळवलं पण नसतं. आता अडवणारं कुणी राहिलं नाही, म्हणून पमी आली गं!”

शेजारीण तिला धरू बघत होती. ताई तिचा हात झटकून पुन्हा समुद्राकडे वळली.

“नऊ वर्षं रागावलात ना वो! आता मला कोण रागावणार वोऽ! तुमची शिट्टी ऐकायला येत होते वो मी, दर वर्षी! रसवंतीमागं उभी राहून बघत होते! शर्ट ढगळ झाला होता वो तुमच्या अंगात, पण आईला सांगणार कशी! शेवटच्या दिवशी पण आले होते वो, आप्पा! गळ्यात हार होता तुमच्या. हमालापासून सगळ्यांना पेढा दिलात. मी होते वो तिथं! पुढं येऊन हात पसरायचा धीर नाय झालाऽऽ!”

मला हे काही माहीत नव्हतं. तिनं पत्रात कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. रसवंती म्हणजे आप्पांच्या केबिनपासून वीस पावलं.

आप्पांनी डोळे उघडले. वर केलेला हात खाली आला आणि खिशात गेला. मला वाटलं, रुमाल काढणार. त्यांनी शिट्टी काढली, ओठांत धरली, आणि पहिल्यांदा नुसताच वारा गेला. ओठ मिटत नव्हते त्यांचे. दुसऱ्यांदा वाजली.

दोन आखूड.

धक्क्यावरचं रडणं मध्येच तुटलं. जनार्दनाचा मुलगा आपल्या आईकडे बघायला लागला. तिच्या तोंडावर पाणी, नाकातून पाणी, केस सुटलेले, आणि ती एकदम उठून उभी राहिली होती. तिला कुणी उठवलं नव्हतं. दोन आखूड शिट्ट्या ऐकून ती उठायचीच.

आप्पांनी डोक्यावरचा पंचा ओढून काढला. मग फळीवरच्या फळीवर, एका हातानं होडीचा काठ धरून, ते वळले. वळताना होडी हलली, मावशीनं त्यांना कमरेला धरलं. देव्हाऱ्यासमोरची शपथ तिथं, रघू तांडेलाच्या होडीत मोडली.

ताई धक्क्याच्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात आली. आप्पांच्या तोंडाला, खांद्याला, हाताला चाचपून बघितलं तिनं. आणि मग जी भडकली!

“असं बसतं का कुणी होडीत? अक्कल आहे का? जीव गेला असता माझा!”

“मला काय माहीत तुमच्या बेटाचे कायदे,” आप्पा म्हणाले. “पमे, पिशवी दे इकडं.”

मी पिशवी दिली. मला वाटलं, अक्षत काढतील. त्यांनी चाचपडत लाडवाचा डबा काढला. झाकण निघेना, म्हणून तसाच ताईच्या हातात दिला.

“पेढे नाही आणले,” म्हणाले. “तुझ्या आईनं केलेले लाडू आहेत.”

ताईनं डबा छातीशी धरला आणि ती पुन्हा रडायला लागली. मीही लागले. धक्क्यावरच्या बायकांना रडायला कारण लागत नाही, त्याही लागल्या. फक्त जनार्दन कोरडा उभा होता. तो पाण्यात उतरला आणि आप्पांना हात दिला. आप्पांनी तो हात बघितला, धरला, आणि उतरता उतरता म्हणाले, “अजून वास येतोच हो तुझ्या अंगाला.”

“येणारच,” जनार्दन म्हणाला. “आता टपावर नाही, घरातच आलाय तुम्ही.”

पाय ठेवणार नव्हते ते बेटावर! चपला हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत वळून ते वाडीत चालत गेले. पुढं नातू, मागं सगळं गाव. तिठ्यावर थांबून त्यांनी मागं हाक मारली, “तांडेल, गाडी कधी सुटणार?”

“तुम्ही म्हणाल तेव्हा, काका.”

“मग परवा सोड.”

ताई माझ्या लग्नाला चार दिवस आधी आली. करवली म्हणून मिरवली आणि मांडवातल्या प्रत्येकाशी भांडली. त्यानंतर आप्पा सोळा वर्षं जगले. वर्षातून दोनदा बेटावर जायचे, मधल्या फळीवर बसून, बेटाकडे नीट तोंड करून. नवा माणूस पुढच्या फळीवर पाठ करून बसायला लागला की ओरडायचे, “ए, तिकडं तोंड कर! नसते घोळ होतात.” कसले घोळ ते मात्र त्यांनी पाण्यावर कधी सांगितलं नाही.

ते गेले तोवर बेटावर टेलिफोनची सोय झाली होती. जनार्दनाच्या घराशेजारी एका दुकानात फोन होता. पण मला फोन करवेना. पहाटेच्या भरतीला मी बंदरावर गेले. रघू तांडेलाच्या जागी त्याचा भाऊ बसत होता. मी पुढच्या फळीवर जाऊन बसले, बेटाकडे पाठ केली आणि पदर डोक्यावर घेतला. होडीतली बडबड थांबली.

सगळा रस्ताभर मी कान बंद करून घ्यायच्या तयारीत होते. इंजिन थांबलं. होडी सरकत धक्क्याला लागली. मागून रडण्याचा आवाज आला नाही. पाण्यात पावलं वाजली आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

“वळ, पमे,” ताई म्हणाली. “माझं रडून झालंय तेव्हाच. त्यांनी ऐकलंय ते.”

मग तिनं मला हात धरून उतरवलं आणि परतीची होडी कधी सुटणार ते विचारलं.